अजीजभाईंचे एकशे सतरा ठोके

अजीजभाईंना वेळ विचारली की ते "साडेपाच" असं कधी सांगत नसत. "पाच एकोनतीस, चाळीस," असं सांगायचे, आणि तुम्ही मान डोलावेपर्यंत "पंचेचाळीस" म्हणून दुरुस्तीही करायचे. आमचा पाच-सहा जणांचा सायकलवाल्यांचा कंपू अमरावतीत दर रविवारी पहाटे चौकात जमायचा. त्यात सगळ्यात म्हातारे तेच आणि सगळ्यात आधी हजर तेच. मी पाच पस्तीसला पोहोचलो की हँडलवर कोपर टेकून म्हणायचे, "या मास्तर. तुमच्या कॉलेजात पोट्टे उशिरा आले तं बाहेर उभे करता ना? राहा मंग बाहेर उभे."

मी ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. अकरावीला मापनातल्या त्रुटींचा धडा असतो, तो मी सव्वीस वर्षं शिकवत आलोय. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात अज्ञानाची सबब मला वापरता येणार नाही.

त्यांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान म्हणजे दोन हात पसरले तर दोन्ही भिंती लागतील एवढी जागा. एका बाजूला बांगड्यांचं दुकान, दुसऱ्या बाजूला रसवंती. मध्ये काचेच्या पेटीमागे अजीजभाई, डोळ्याला भिंग लावलेले. गिऱ्हाईक आलं की भिंग कपाळावर सरकवायचे आणि तिसऱ्या डोळ्यानं बघितल्यासारखे बघायचे. दोन्ही मनगटांवर घड्याळं. डावं स्वतःचं, उजवं कुणाचं तरी. दुरुस्त केलेलं घड्याळ दोन दिवस स्वतःच्या हातावर चालवल्याशिवाय ते परत देत नसत. गिऱ्हाईक कुरकुरलं तर म्हणत, "टेबलावर सगळेच चालते, भाऊ. आंगावर चालू दे, मंग बोलू."

एकदा माझ्यासमोर एका वकिलाच्या वडिलांचं जुनं चावीचं घड्याळ दुरुस्त करताना त्यांचा चिमटा निसटला आणि तबकडीवर, सहाच्या आकड्याखाली, केसाएवढा ओरखडा आला. नुसत्या डोळ्यांना दिसणं शक्यच नव्हतं. वकील घड्याळ न्यायला आला तेव्हा अजीजभाईंनी स्वतः त्याच्या हातात भिंग दिलं. "इथं पाहा. हे मायाकडून झालं." वकिलानं पाहिलं, तोंड वाकडं केलं, चार शब्द सुनावले आणि पुन्हा त्या दुकानाची पायरी चढला नाही. मी म्हणालो, "अजीजभाई, त्याला जन्मात कळलं नसतं."

"मले दिसलं ना," ते म्हणाले आणि भिंग पुन्हा डोळ्यावर ओढून घेतलं.

त्या दिवशी मला हा भाबडेपणा वाटला होता.

सायकल त्यांच्या आयुष्यात शौक म्हणून आलीच नाही. त्यांच्या अब्बांकडे चिखलदऱ्याच्या दोन बंगल्यांमधल्या भिंतीवरच्या घड्याळांना तेल घालायचं, चावी द्यायचं काम होतं. दर महिन्याला पोरगा अजीज परतवाड्याहून बसनं वर जायचा, सायकल बसच्या टपावर. घड्याळांचं काम आटोपलं की सायकलनं सगळा घाट उतरून खाली. "उतरलो शंभर खेप," ते सांगायचे. "हवा अशी लागे का डोये वाहत. पन चढलो एकबी खेप नाई. बसनं चढनं म्हंजे काय चढनं हाय? घाटाचं देनं राहून गेलं मायावर." हे ते दर दोन रविवारांनी सांगत, आणि दर वेळी टपावरची सायकल उतरवताना कंडक्टरनं दिलेल्या शिव्या वेगळ्या असत.

मग छातीत दुखलं, नागपूरला नेलं, एक स्टेंट बसला. वर्षभर सायकल बंद. डॉक्टरांनी पुन्हा हळूहळू चालवू दिली ती एका अटीवर: नाडी मिनिटाला एकशे तीसच्या वर जाता कामा नये. गेली तर उतरायचं. त्यांची मुलगी रुखसाना अकोल्याला शाळेत शिकवते. तिनं ही अट डॉक्टरांपेक्षा कडक करून टाकली. आई गेल्यापासून बापाला तीच सांभाळत होती, तीही शंभर किलोमीटरवरून, फोनवर. "अब्बा, एकशे तीस म्हणजे एकशे तीस. एकशे एकतीसला मी सायकल विकीन." अजीजभाईंनी तिला जबान दिली. आणि त्याच दमात मला म्हणाले, "मास्तर, घाट चढाचा हाय. नाडी मोजाची मशीन पाहून दे."

कंपूत यंत्रांमधला जाणकार मीच. माझ्या मनगटावर नाडी दाखवणारं घड्याळ होतं, खालून हिरवा उजेड टाकणारं. तेच घ्या, असं मी ऐटीत सांगितलं. त्यांनी ते उलटं करून पाहिलं, कान लावून ऐकलं, मागचं झाकण उघडत नाही हे पाहून नाराज झाले. मग रसवंतीशेजारच्या भाजीवालीकडून एक लांबट वांगं आणलं आणि घड्याळ त्या वांग्याला बांधलं. अर्धं मिनिट गेलं. पडद्यावर आकडा आला: चौऱ्याहत्तर.

"भाजी नोका करू याची, जिता हाय हा," ते भाजीवालीला ओरडून म्हणाले. "तब्येत चांगली हाय. मायापेक्षा चांगली."

बाजार हसला. मी चिडलो. अशा सेन्सरला परत येणारा कुठलाही थरथरता उजेड नाडी वाटू शकतो, वगैरे समजावून सांगायला लागलो. ते म्हणाले, "म्हंजे खड्ड्यात सायकल हादरली तरी याले नाडीच वाटन ना? चढावर मी पायडल मारन आन हे पायडल मोजन. काटा कोनी मोजाचा नसते मास्तर, कमानी मोजाची असते. कमानीच्या जवळ जाय."

कमानी म्हणजे घड्याळ चालवणारी स्प्रिंग; माणसात तिच्या जवळ जायचं तर छातीला बांधायचा पट्टा. त्याच्या आतल्या पट्ट्या ओल्या करून कातडीला लावल्या की हृदयाचे ठोके थेट पकडतो आणि हँडलवरच्या छोट्या मीटरला बिनतारी कळवतो. तो घ्यायचं ठरलं. मीही माझ्यासाठी तसाच घेतला, तंतोतंत तोच. दोन पट्टे, दोन मीटर, एकाच खोक्यातून आले.

जोडणी माझ्या अंगणात, रविवारी पहाटे. बाकीचे फाटकाबाहेर घंट्या वाजवत होते. माहितीपुस्तिकेत लिहिलं असणार की एका वेळी एकच पट्टा जोडा, दुसरा दूर ठेवा. मी ती उघडलीच नाही. दोघांनी पट्टे बांधले, शेजारी शेजारी उभे राहिलो, मी दोन्ही मीटरांचं बटण दाबलं. एकावर चौऱ्याऐंशी आलं, दुसऱ्यावर एकोणऐंशी. दोन्ही आकडे पटण्यासारखे होते.

"झालं," मी म्हणालो.

"कोनता कोनाचा, हे पायलं का?" अजीजभाईंनी विचारलं.

"तुमच्या मीटरवर तुमचाच येणार ना अजीजभाई. चला, उशीर होतोय."

त्याच रविवारी, बडनेऱ्याच्या पुढे, मी जरा जोरात पुढे निघून गेलो. परत जवळ आलो तर ते म्हणाले, "मास्तर, गंमत हाय. तू पुढं गेला का माया आकडा जाते. नुसत्या रेघा येते. तू जवळ आला का पुन्हा येते."

"पट्टा कोरडा पडला असेल. पाणी लावा."

त्यांनी बाटलीतलं पाणी सदऱ्यात ओतलं. पुढच्या रविवारीही तेच झालं. तेच वाक्य, तेच माझं उत्तर. ते ओलेचिंब होऊन सायकल चालवत होते. म्हणाले, "बाटली संपली मास्तर. आता तू असा दूर जाऊ नोको, नाई तं मी मेलो असं समजन ही मशीन." बाकीचे हसले. मला हसू आलं नाही, कारण वीस मीटर पुढे गेल्यावर माझ्याही मीटरवर रेघा आल्या होत्या.

त्या संध्याकाळी मी पुस्तिका वाचली. जोडताना दुसरा पट्टा दहा मीटर दूर ठेवावा, असं पहिल्याच पानावर होतं. आकडे अदलाबदल झाले होते. त्यांच्या हँडलवर माझी नाडी होती, माझ्या हँडलवर त्यांची.

इथे मला थांबून नीट सांगितलं पाहिजे. दोन मिनिटांचं काम होतं ते. पण त्यांच्यासमोर करावं लागलं असतं. ज्या माणसानं पन्नास वर्षं दुसऱ्याच्या यंत्रात डोकावण्यात घालवली, त्याच्या मीटरला चोरून हात लावणं शक्य नव्हतं. "काय करून राहिला?" हे विचारलंच असतं. तरी हे खरं कारण नाही. खरं कारण असं की दोन रविवारच्या माझ्या मीटरचे फोटो मी कंपूच्या फोनवरच्या गटात टाकले होते. एवढ्या वेगात, एवढीच नाडी. कुणीतरी लिहिलं होतं, "सरांचं हृदय पंचविशीतल्या पोराचं आहे." मी ते बायकोला वाचून दाखवलं होतं. आणि ते हृदय बासष्ट वर्षांच्या, स्टेंट बसलेल्या, घड्याळवाल्या अजीजभाईंचं होतं. माझं स्वतःचं हृदय एकोणपन्नासाव्या वर्षी काय करत होतं ते त्यांच्या हँडलवर दिसत होतं, आणि ते सगळ्यांना कळू द्यायची माझी तयारी नव्हती.

घाटाच्या आधी सांगू, असं ठरवलं. तिसऱ्या रविवारी मला परीक्षेची ड्यूटी होती. चौथ्या रविवारी घाट होता.

धामणगाव गढीच्या पुढे चढ सुरू झाला. रुखसाना अकोल्याहून आदल्या दिवशीच आली होती आणि स्वतःची छोटी गाडी घेऊन आमच्या मागे होती. तिच्या शेजारच्या सीटवर औषधांचा डबा. बाकीचे पुढे निघून गेले. अजीजभाई आणि मी शेजारी शेजारी, कारण मी दूर गेलो तर त्यांचा आकडा जायचा, हे आता सगळ्यांना पाठ झालं होतं.

माझ्या मीटरवर एकशे बारा, एकशे चौदा. आणि माझ्या मांड्या पेटलेल्या, तोंडातून भात्यासारखा आवाज. अजीजभाई बोलत होते. कुठल्या वळणावर कंडक्टरनं सायकल खाली फेकली होती, कुठे एकदा रानडुक्कर आडवं आलं होतं, सगळं. मध्येच थांबले. "मास्तर, एकशे अट्ठावीस."

"हळू घेऊ," मी म्हणालो. आम्ही दोघं हळू झालो. आकडा थोडा उतरला, पुढच्या चढाला पुन्हा वर आला.

"मले समजून नाई राहिलं," ते म्हणाले. "दम तं लागून नाई राहिला. बोलून राहिलो ना मी? तूच नाई बोलून राहिला."

मी खरंच बोलू शकत नव्हतो. पण एवढं सांगण्यापुरता श्वास कुणाकडेही असतो.

पुढच्या वळणावर चढ एकदम उभा झाला. मी दातओठ खाऊन पायडल मारले. त्यांनी हँडलकडे पाहिलं आणि ब्रेक दाबला. एकशे अट्ठावन्न.

ते लगेच उतरले. जबान दिली होती ना. रस्त्याच्या कडेला ताठ उभे राहिले, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखे, आणि मीटरकडे बघत राहिले. मीही शेजारीच थांबलेलो, सायकलवर आडवा पडून धापा टाकत. रुखसाना धावत आली. एक मिनिट गेलं. एकशे त्रेपन्न. दोन मिनिटं गेली. एकशे एकोणपन्नास.

"उतरूनपन कमी होत नाहीये अब्बा," तिचा आवाज फाटला. "गाडीत बसा. आत्ता."

"आंगात तं काई नाई जानवून राहिलं बेटा."

"अब्बा!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, तू सांग. मशीन बरोबर हाय ना?"

माझ्या मीटरवर त्या वेळी अठ्ठ्याण्णव होतं. शांत, उतरत चाललेलं. मी ते तळव्यानं झाकलं.

"आज राहू द्या अजीजभाई," मी म्हणालो. "पुढच्या वेळी जाऊ."

त्यांनी मीटर बंद केलं, छातीचा पट्टा सोडला, पिळला, आणि घडी करून रुखसानाच्या हातात दिला. सायकल गाडीच्या मागे बांधायला मी मदत केली. गाडी वळून खाली गेली. त्यांचा पट्टा सुटल्यापासून माझ्या मीटरवर रेघाच होत्या. मी वर गेलो. जात राहिलो एवढंच. वर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणी आकडा विचारला तेव्हा मी मीटर पुसत सांगितलं, "शेवटी बॅटरी गेली. पण घाटात एकशे सतरा होता." यातला शेवटचा भाग खोटा नव्हता.

नंतर जे व्हायचं ते झालं. कारण नसताना नाडी उसळते आणि उतरत नाही, म्हणजे काहीतरी आहे. नागपूरला दोनदा नेलं. पळायच्या पट्ट्यावर चालवलं, छातीला तारा लावून चोवीस तास घरी पाठवलं. काही निघालं नाही. काही निघालं नाही म्हणून रुखसाना जास्त घाबरली. दुकान बंद झालं. हत्यारांची पेटी कुणा ओळखीच्याला दिली, सायकल शेजाऱ्याच्या जावयाला. अजीजभाई अकोल्याला राहायला गेले. मी ईदला फोन करायचो. "मशीन चांगली होती तुई," ते म्हणायचे. "वेळेवर बोलली." मी "काळजी घ्या" म्हणायचो आणि फोन ठेवायचो. चार वर्षं असं चाललं. हे लिहिताना मला माझा राग येतोय, पण राग येणं फार सोपं आहे. फोनवर दोन वाक्यं बोलणं मला जमलं नव्हतं.

मागच्या महिन्यात उत्तरपत्रिकांच्या कामासाठी अकोल्याला गेलो होतो. संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. खालच्या खोलीत दाराशी खुर्ची टाकून बसले होते. मनगटं दोन्ही मोकळी. रुखसानानं सांगितलं, अब्बा जिना चढत नाहीत. मशिदीला पायऱ्या आहेत म्हणून नमाजही घरीच. नातीला उचलत नाहीत. हे ती कौतुकानं सांगत होती, बापाला किती जपलंय म्हणून.

"आता पुरजाच खराब," अजीजभाई मला म्हणाले, हसून. "मशीनीले काहून दोष देता? तिनं तं बरोबर दाखोलं. तू जपून राहा मास्तर. तुयंबी वय झालं."

मी सांगितलं. चहा यायच्या आधीच. अंगण, दोन बटणं, पुस्तिका, रेघा, तळव्यानं झाकलेला आकडा, सगळं. नजर फरशीवर ठेवूनच.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजे एकशे सतरा माया होता?"

"हो."

"चढावर?"

"पूर्ण चढावर. सगळ्यात जास्त एकशे एकोणीस झाला होता, एकदाच."

"एकशे एकोनीस," ते म्हणाले. पुन्हा म्हणाले, आवाज न करता, नुसते ओठ हलले. मग चेहरा बदलला. "तुले कवा समजलं हे?"

"दुसऱ्या रविवारी."

"घाटाच्या आंधी."

"हो."

रुखसाना दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं तो तसाच आत परत नेला. आतून तिचा आवाज आला, "चार वर्षं, सर?" आणि भांडं आपटल्याचा.

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला. कपाळाला आठ्या. ते काहीतरी जुळवत होते. "थांब. मंग ते एकशे अट्ठावन तुये."

"हो."

"उतरल्यावरबी दोन मिनिट एकशे पन्नासाच्या घरात, ते तुये." ते खुर्चीत पुढे सरकले. "कोनाले दाखोलं तू?"

"नाही."

"चार वर्स? मले नागपूरले दोन खेप नेलं, तारा लावल्या, आन ज्याले न्याचं तो घरी बसून राहिला?" त्यांनी माझं मनगट खसकन ओढलं, दोन बोटं नाडीवर ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत पूर्ण मिनिटभर मोजलं. मग हात सोडून दिला, जवळजवळ झटकला. "बयताड हायेस का बे तू?" इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी 'बे' म्हटलं नव्हतं. "मायं वाटोळं केलं ते केलं, सोताचंबी? उद्याच्या उद्या दाखव. जाय आता."

"अजीजभाई, मी..."

"जाय म्हनलं ना."

मी दाखवलं. गोळ्या सुरू आहेत. ते नंतरचं.

त्या संध्याकाळी मी बाहेर पडलो. गल्लीच्या टोकाला चप्पल सरळ करायला थांबलो आणि मागे वळून पाहिलं. त्यांच्या घराला बाहेरून गच्चीवर जाणारा जिना आहे, लोखंडी कठड्याचा. अजीजभाई तो चढत होते. कठडा धरला होता, पण थांबत नव्हते. खाली रुखसाना, एक पाय पायरीवर, हात पुढे केलेले. "अब्बा, रुको. अब्बा, आहिस्ता." त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. गच्चीवर पोहोचले आणि कठड्याआड दिसेनासे झाले. थोड्या वेळानं वरून त्यांचा खणखणीत, वैतागलेला आवाज आला:

"रुखसाना! ये टंकी का ढक्कन कब से खुला पडा है?"